दप्तर कोणाच्या घरी?

बारामतीच्या उसाचे नाव सातासमुद्रांपलीकडे गेले, ही वार्ता २०२५ च्या आरंभी कानी आली तेव्हा इतरांप्रमाणे आम्हांसही आनंदच झाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीच्या लहान ऊस-शेतकऱ्यांचा गौरवाने उल्लेख केला. मग काय विचारता! वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले, पुढाऱ्यांनी एकमेकांची अभिनंदने केली, आणि ज्यांनी उसाचे टिपरू जन्मात हाती धरले नाही अशी मंडळीही पुण्याच्या दिवाणखान्यांतून 'शेतीचा प्रश्न आता सुटलाच' असा निकाल देऊन मोकळी झाली. या जयघोषात एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. तो विचारण्याचा अरसिकपणा पत्करण्यासाठीच आम्ही आज लेखणी उचलली आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून देणे इष्ट. उसाच्या सरीत एक खांब उभा करावयाचा. त्याच्या खालच्या टोकाशी मातीतील ओलावा, उष्णता व क्षार मोजणारे संवेदक, म्हणजे ज्यांस सर्वत्र 'सेन्सर' म्हणतात ते, पुरलेले असतात. वर वारा, पाऊस व आर्द्रता मोजणारी छोटीशी वेधशाळा असते. हे आकडे इंटरनेटवरून दूरच्या गणकयंत्रांकडे जातात. तेथे उपग्रहाने घेतलेल्या छायाचित्रांशी त्यांचा मेळ घातला जातो. आणि 'आज इतके पाणी द्या, अमुक खत थांबवा' असा मराठी संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने हा प्रयोग चालविला आहे. उत्पन्न तीस-चाळीस टक्के वाढते आणि पाण्याची मोठी बचत होते, असे प्रवर्तकांचे म्हणणे आहे. हे आकडे सर्व शेतांत खरे ठरोत, अशीच आमची इच्छा आहे.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. किंबहुना नीरेच्या खोऱ्यास अशा मोजमापाची गरज सव्वाशे वर्षांपूर्वीच होती. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला, दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला, आणि कालवा म्हणजे कामधेनू असे सर्वांस वाटले. परंतु निचऱ्याचा विचार कोणी केला नव्हता. पाणी मुरत गेले, भूजल वर आले, त्याबरोबर क्षारही वर आले, आणि चांगल्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडल्या. १९१० साली डॉ. हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांना मुंबई सरकारच्या शेतकी खात्यातर्फे नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली, यावरून त्या संकटाचे गांभीर्य ध्यानी येईल. तेव्हा अतिपाण्यास आळा घालणारा खांब फडात उभा राहिला तर त्यास आमचा नमस्कारच आहे. पण याच इतिहासात दुसराही धडा आहे. कालव्याचा आराखडा सरकारचा, पाणीपट्टी सरकारची. मीठ तेवढे शेतकऱ्याच्या वाट्यास आले. नवी विद्या शेतात येते तेव्हा तिचे फळ कोणाचे आणि तिचे क्षार कोणाचे, हे आधी ठरविले नाही तर ते आपोआप ठरते, आणि दुर्बळाच्या विरुद्धच ठरते.

आमच्या प्रश्नाचा उगम एका साध्या भेटीत आहे. गेल्या हिवाळ्यात याच कालव्याच्या लाभक्षेत्रातील कोऱ्हाळे बुद्रुक या गावी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे जाण्याचा योग आला. पदवी घेऊन तो शेती पाहतो. त्याने एका खासगी कंपनीकडून (तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) असाच खांब घेतला आहे. मोठ्या अभिमानाने तो आम्हांस बांधावर घेऊन गेला. त्याचे वडील तेथेच दारे धरण्याच्या तयारीत उभे होते. ते हसून म्हणाले, "मास्तर, खांब म्हणतोय आज पाणी द्या. पण कालव्याला पाणी सुटायला अजून नऊ दिवस हायेत, अन् विहिरीवरची लाइट या आठवड्यात रात्रीची. खांबाला म्हणावं, जरा साहेबलोकांनाबी कळव."

म्हाताऱ्याच्या या बोलण्यात जो विचार आहे तो आम्हांस पुष्कळ अहवालांत आढळला नाही. यंत्र शेतकऱ्यास ज्ञान देते; परंतु त्या ज्ञानाप्रमाणे वागण्याची सत्ता ज्यांच्या हाती आहे त्यांस ते काहीच सांगत नाही. पाण्याचे आवर्तन पाटबंधारे खात्याच्या हाती, वीज वीज मंडळींच्या हाती. उसात साखर कोणत्या आठवड्यात सर्वाधिक भरली हे उपग्रह सांगेल. पण तोड मिळते ती कारखान्याच्या क्रमाने व टोळीच्या सवडीने. बरे, साखर अधिक भरली म्हणून त्या शेतकऱ्यास भाव तरी अधिक मिळतो काय? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास टनामागे ३,५५० रुपये हा रास्त व किफायतशीर दर ठरविला. परंतु हा उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी उतारा होय. तुमच्या उसात किती साखर होती हे कोणी पाहत नाही. वजन तेवढे काट्यावर पाहिले जाते. म्हणजे खांबाचा खर्च करून ज्याने साखर वाढविली, त्याची साखर सर्वांच्या सरासरीत विरघळून जाते. ज्ञान एकट्याचे आणि लाभ सरासरीचा, असा हा विलक्षण हिशेब आहे!

तथापि ही तक्रार आमच्या मुख्य प्रश्नाची केवळ प्रस्तावना आहे. आम्ही त्या विद्यार्थ्यास विचारले, "हे आकडे जातात कोठे?" तो म्हणाला, "वर, सर. क्लाउडवर." "ते कोणाच्या मालकीचे?" यावर तो थोडा ओशाळला. करारपत्र इंग्रजीत होते. 'मान्य आहे' या चौकटीवर बोट ठेवल्यावाचून यंत्र सुरू होत नव्हते. त्याने बोट ठेवले. इंग्रजी वाङ्मयाचा पदवीधर जेथे करार न वाचता बोट ठेवतो, तेथे त्याच्या वडिलांनी अंगठा उठविला असता तर काय बिघडले असते?

वाचकांपैकी अनेकांच्या घराण्यात कुळकर्णी वतन असेल. पूर्वी गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या घरी असे. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, हे त्या रुमालांत बांधलेले. आणि निरक्षर शेतकऱ्यास स्वतःच्याच जमिनीची माहिती हवी झाली तर वाड्याच्या पायरीशी उभे राहावे लागे. सर्वच कुळकर्णी लबाड नव्हते. अनेक सज्जन होते. परंतु शेतकऱ्याचे बरेवाईट त्यांच्या सज्जनपणावर अवलंबून होते, हीच त्या व्यवस्थेची खोट होती. जोतीराव फुल्यांच्या १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातील रोषाचा मोठा वाटा याच लेखणीवर होता. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात ही वतने बंद केली. मुंबई राज्यात ती १९५० च्या कायद्याने गेली. वतने गेली त्याला पाऊणशे वर्षे झाली, आणि आता दप्तर पुन्हा गावाबाहेर चालले आहे. हा वाडा इतका दूर आहे की त्याची पायरीही दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, मातीच्या ओलाव्याचे आकडे ते काय, आणि त्यांची चोरी ती काय! एका शेताचे आकडे खरोखरच कवडीमोलाचे आहेत. पण खोऱ्यातील हजारो शेतांचे आकडे एका ठिकाणी आले की त्यांचे मोल पालटते. गळीत सुरू होण्यापूर्वीच साखर किती होणार हे ज्यास कळले, तो साखरेचा बाजार आधी ओळखील. कोणाचा फड सुकला हे ज्यास कळले, तो कर्ज देताना हात आखडील, विम्याचा हप्ता वाढवील, अथवा नेमके आपलेच खत सुचवील. असे घडलेच आहे असे आम्ही म्हणत नाही. ते घडू नये म्हणून आज कोणती अर्गळा आहे, एवढेच विचारतो. २०२३ चा केंद्राचा कायदा व्यक्तीची ओळख पटविणाऱ्या माहितीचे रक्षण करतो. पण फडातील ओलाव्याचा धनी कोण, हे तो सांगत नाही. अमेरिकेत काय झाले पाहा. तेथे ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, पण त्याच्या पोटातील आज्ञावली कंपनीची; दुरुस्तीसाठी शेतकऱ्यास कंपनीच्याच दारी जावे लागते, म्हणून जॉन डिअर या कंपनीवर तेथील व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये खटला भरला. युरोपने अधिक शहाणपणा केला. तेथे सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडलेले यंत्र वापरणाऱ्यास त्या यंत्राने निर्माण केलेली माहिती मिळण्याचा व ती आपल्या इच्छेने दुसऱ्यास देण्याचा हक्क दिला. आमच्या शेतकऱ्याने काय घोडे मारले आहे?

'औद्योगिक इंटरनेट' हा शब्द २०१२ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने गाजविला. त्याच कंपनीचा नवा कारखाना २०१५ साली आमच्याच जिल्ह्यात, चाकण येथे, पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. यंत्रे परस्परांशी बोलतील व राष्ट्राची संपत्ती वाढेल, हे तेव्हाचे भाकीत. (ज्या कंपनीने हे भाकीत केले तिचेच २०२४ पर्यंत तीन तुकडे झाले, हे तिच्या यंत्रांनी तिला आधी कळविले होते किंवा कसे, ते आम्हांस ठाऊक नाही.) कारखान्यात निदान एक गोष्ट सरळ असते: जागा मालकाची, यंत्र मालकाचे, आकडेही मालकाचे. शेतात तसे नाही. जमीन शेतकऱ्याची, घाम शेतकऱ्याचा, तोटाही शेतकऱ्याचा. आकडे मात्र दुसऱ्याचे! कारखान्याची व्यवस्था जशीच्या तशी फडात आणून ठेवणारे ज्यास प्रगती म्हणतात, त्यास मालकीचे हस्तांतर हे नाव अधिक शोभते.

महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे २०२५ ते २०२९ चे धोरण संमत केले व त्यासाठी ५०० कोटी रुपये देऊ केले. त्यात शेतीविषयक माहितीच्या देवघेवीची व्यवस्था उभारण्याचाही संकल्प आहे. ठीक आहे; पण देवघेव म्हटली की देणारा कोण, घेणारा कोण आणि तराजू कोणाच्या हाती, हे प्रश्न आलेच. उसाच्या मुलखात काट्याविषयीचा संशय काय असतो हे आम्ही वाचकांस सांगावयास नको. नव्या काट्याची दांडी तर डोळ्यांस दिसतच नाही.

मग करावे काय? उपाय परका नाही, घरचाच आहे. खासगी कारखानदार सांगेल तो भाव घेण्याची पाळी आली, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या साह्याने १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना उभा केला. उसाची मालकी जशी सहकाराने राखली तशीच उसाच्या आकड्यांची राखावी. सोमेश्वर, माळेगाव यांसारख्या सभासदांच्या कारखान्यांनी आपापल्या सभासदांचे हे दप्तर सहकारी संस्थेच्या नावे ठेवावे. कंपनीने पगारी लेखनिकाप्रमाणे ते लिहावे, त्याचे वतनदार होऊ नये. करार मराठीत असावा. शेतकरी सोडून जाईल तेव्हा त्याचे आकडे त्यास परत मिळावेत. सावकारी, विमा वा विक्री यांकरिता त्याच्या संमतीवाचून ते कोणास दाखवू नयेत. आणि सरकारने कालव्याचे आवर्तन, विजेची पाळी व तोडीचा क्रम हेही त्याच खांबास जोडावेत. शेतकऱ्याचे शेत जर सरकारास व कारखान्यास उघडे, तर त्यांची कचेरीही शेतकऱ्यास उघडी असलीच पाहिजे.

सहकारी संस्था तरी कोठे निर्मळ आहेत, असा आक्षेप येईल. तो आम्ही मान्य करतो. पण तेथे सभासदास मत आहे, हिशेब तपासण्याची सोय आहे, आणि काही नाही तरी वार्षिक सभेत उभे राहून अध्यक्षास चार शब्द सुनावण्याचा अधिकार आहे. क्लाउडची वार्षिक सभा कोठे भरते, हे कोणी आम्हांस सांगेल काय?

शेवटची गोष्ट आमच्या वाचकांच्या घरची आहे. या यंत्रांच्या आज्ञावली हिंजवडीस, बंगळुरास किंवा सिअ‍ॅटलला बसून जे तरुण लिहितात, ते तुमचीआमचीच मुले आहेत. ती हुशार आहेत, पापभीरूही आहेत. त्यांच्या आजे-पणज्यांच्या हाती एकदा गावाची लेखणी होती, आणि त्या लेखणीबद्दल आपल्या वर्गास पुढे काय ऐकून घ्यावे लागले ते आपण विसरलेलो नाही. दिवाळीस मूल घरी आले म्हणजे पगार किती वाढला हे अवश्य विचारावे. त्याबरोबरच, 'बाळ, तू जे दप्तर लिहितोस ते संध्याकाळी कोणाच्या घरी जाते?' हेही एकदा विचारून पाहावे. कोऱ्हाळ्याच्या बांधावर उभ्या असलेल्या त्या वृद्धास या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.