प्रयोगशाळेतील ऊती : पेशी कोणाच्या, औषध कोणासाठी?

नवी दिल्ली : नव्या औषधांच्या चाचण्यांत प्राण्यांऐवजी मानवी पेशींपासून घडविलेल्या ऊती वापरण्याची वाट केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये नियमदुरुस्तीद्वारे मोकळी केली. ऑर्गनॉइड, ‘ऑर्गन-ऑन-चिप’ आणि त्रिमितीय जैवमुद्रण या पद्धतींचा त्यात समावेश आहे. मात्र, या ऊती कोणाच्या पेशींपासून तयार होणार, हा कळीचा प्रश्न कायम आहे.

मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहापैकी सुमारे नऊ औषधे अखेर अपयशी ठरतात. प्राणी आणि माणूस यांच्या शरीरक्रियेतील फरक हे त्याचे एक कारण आहे. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके देते, तर माणसाचे साधारण सत्तर. त्यामुळे औषधाचा हृदयाच्या लयीवरील दुष्परिणाम उंदरात दिसेलच, याची शाश्वती नसते.

कर्करोग आणि हृदयविकार यांचे संशोधन याच टप्प्यावर एकत्र येते. स्तनाच्या कर्करोगावरील ‘डॉक्सोरुबिसिन’ हे प्रभावी औषध काही रुग्णांचे हृदय दुर्बल करते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशा रुग्णांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत हृदयपेशी तयार केल्या. ज्यांच्या हृदयाला पूर्वी इजा झाली होती, त्यांच्याच पेशी औषधापुढे अधिक नाजूक ठरल्याचे २०१६ मध्ये स्पष्ट झाले. उपचारापूर्वीच धोका ओळखण्याची शक्यता त्यातून पुढे आली.

भारतासाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. हृदयस्नायूच्या विकाराशी निगडित ‘एमवायबीपीसी३’ जनुकातील एक दोष सुमारे चार टक्के भारतीयांत आढळतो, असे हैदराबादच्या ‘सीसीएमबी’च्या सहभागाने झालेल्या संशोधनाने २००९ मध्ये दाखवून दिले. दक्षिण आशियाबाहेर हा दोष विरळ आहे. साहजिकच, केवळ पाश्चात्त्य दात्यांच्या पेशींवर सुरक्षित ठरलेले औषध या रुग्णांनाही सुरक्षित असेल, असे गृहीत धरता येत नाही.

तंत्रज्ञानाच्या मर्यादाही आहेत. प्रयोगशाळेतील हृदयपेशी बहुधा गर्भातील पेशींसारख्या अपरिपक्व राहतात, तर कर्करोगाच्या अनेक ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या आणि प्रतिकारपेशी नसतात. त्यामुळे प्राण्यांवरील चाचण्या तूर्त पूर्णपणे थांबणे कठीण आहे.

नियमाने परवानगी दिली आहे. आता विविध समाजघटकांतील दात्यांच्या संमतीने उभारलेल्या पेशीपेढ्या आणि सर्व प्रयोगशाळांना लागू होणारे समान निकष यांची गरज आहे. त्याविना ही सुधारणा कागदावरच राहण्याचा धोका आहे.