रविवारची निसर्गसहल हीही आरोग्यसेवाच

"डॉक्टर, फिरायला जा म्हणता, पण फिरायचे कुठे?" घोडबंदर रस्त्याच्या आसपास दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागतो, आणि तो खोटाही नाही. पदपथावर टपऱ्या आणि दुचाक्या, रस्त्यावर अवजड ट्रक, वर बांधकामांची धूळ. ज्याला दमा आहे त्याला या रस्त्याने सकाळी फिरायला पाठवायचे म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. पण या प्रश्नाचे एक उत्तर मानपाड्यातच आहे आणि बहुतेकांना ते घराच्या खिडकीतून रोज दिसते. (डोंबिवलीकरांकडेही एक मानपाडा आहे, त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. मी लिहितो आहे तो ठाण्याचा, चितळसर-मानपाडा.) सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडची बाजू आपल्या ठाण्याला लागून आहे. येऊरप्रमाणेच मानपाड्यालाही तिचा एक दरवाजा आहे. इमारतीची जाहिरात करताना 'जंगलाचा देखावा' म्हणून या डोंगराचे पैसे लावले जातात. पैसे भरून घर घेतलेल्यांपैकी त्या दरवाज्यातून आत किती जण गेले, हे मी रुग्णांना अधूनमधून विचारतो. उत्तर ऐकून वाईट वाटते.

तथापि नुसते जंगलात फिरून या, एवढेच सांगायचे असते तर हा लेख लिहिला नसता. माझे सांगणे थोडे वेगळे आहे. सुटीच्या सकाळी एखाद्या जाणकाराबरोबर पंधरा-वीस माणसे निघतात, झाड, पाखरू, कोळी, मुंग्यांचे वारूळ पाहत तीन तास घालवतात. कुणी त्याला निसर्गसहल म्हणते, कुणी नेचर ट्रेल. कधी सभागृहात साप, फुलपाखरे किंवा आकाश यांवर स्लाइड दाखवून व्याख्यान असते. या उपक्रमांना आपण छंदवर्गाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. ते आरोग्याच्या खात्यात टाकले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. निसर्गसहलीने वजन उतरत नाही. तीन तासांत जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणे होते, त्यातही निम्मा वेळ मान वर करून उभे राहण्यात जातो. मधुमेह्याने किंवा रक्तदाब्याने आठवड्याचे पाच दिवस भरभर चालायचेच आहे, त्याला हा पर्याय नव्हे. मग फायदा कोणता? इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकूण दोन तास किंवा अधिक काळ निसर्गात घालवणाऱ्यांनी 'आमची प्रकृती चांगली आहे' असे सांगण्याचे प्रमाण इतरांहून जास्त होते. हे दोन तास एकदम काढले की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडत नव्हता. आता कुणी म्हणेल, ज्याची प्रकृती ठणठणीत तोच बाहेर पडणार! शंका रास्त आहे, एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण रविवारचे दोन तास आणि चतकोर दिवसाचा खर्च यात गमावण्यासारखे तरी काय आहे?

मुलांच्या डोळ्यांबाबतचा पुरावा मात्र अधिक भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा वेळ मैदानावर काढायला लावला. तीन वर्षांनी पाहिले तर या शाळांतील सुमारे ३० टक्के मुलांना दूरचे अंधुक दिसू लागले होते, आणि नेहमीसारख्या चाललेल्या शाळांतील सुमारे ४० टक्के मुलांना. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. बाहेरच्या लख्ख उजेडाने नेत्रपटलात डोपामिन हे द्रव्य अधिक तयार होते आणि बुबुळामागचा डोळा लांबट होण्याला आळा बसतो, असे तज्ज्ञ मानतात. म्हणजे गाजर-पालक खाऊ घालणे ठीकच, पण पोराला उजेडात काढणे जास्त महत्त्वाचे. आणि मैदानावर जायला कंटाळणारे पोर ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरांमागे दोन तास हिंडते. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला ते निळे-काळे राणी पाखरू तिथे दिसले, की त्या पोराला मोबाइलची आठवण करून द्यावी लागते.

परंतु मला सर्वांत मोठा लाभ दिसतो तो ज्ञानाचा, आणि हे ज्ञान जीव वाचवणारे आहे. सापांचेच घ्या. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला साधारण ५८ हजार. केंद्र सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. आराखडा कागदावर उत्तम आहे. पण साप चावल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जो निर्णय होतो तो दिल्लीत होत नाही, तो घरातल्या घाबरलेल्या माणसाकडून होतो. आजही घट्ट दोरी बांधून आणलेले हातपाय डॉक्टरांना पाहावे लागतात. कुणी ब्लेडने चीर देतो, कुणी आधी मांत्रिकाकडे जातो आणि मग रुग्णालयात. दोरीने रक्तपुरवठा तुटतो, चिरेने रक्तस्राव वाढतो आणि मांत्रिकाकडे वेळ जातो, जो सर्वांत मोलाचा असतो.

हे मी दवाखान्यात दहा वेळा सांगितले तरी विसरले जाते. तेच पायवाटेवर उभे राहून, समोर धामण सरपटत गेल्यावर, कुणी सांगितले तर आयुष्यभर लक्षात राहते. विषारी साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आपल्याकडील सर्पदंशाची लस या चारांच्याच विषावर बनते. बाकी धामण, दिवड, नानेटी, कवड्या हे बिनविषारी. यातला कवड्या बिचारा मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे शेपटीकडे ठळक असतात. तरीही ओळख पटवण्यात वेळ घालवू नये, साप मारून बरोबर आणण्याची तर मुळीच गरज नाही. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, दंशाचा हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन करून लस असलेले रुग्णालय गाठावे. मण्यारचा दंश तर बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो. तो फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि घरचे लोक अपचन समजून ओवा देतात. डोंगराच्या कडेच्या पाड्यांवर आणि बांधकाम मजुरांच्या झोपड्यांत खाट आणि मच्छरदाणी एवढ्या दोन वस्तूंनी यातील कित्येक दंश टळतील.

बिबट्याचीही गोष्ट अशीच. २००४ साली या उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. पुढे २०११ च्या सुमारास वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून वस्त्यावस्त्यांतून लोकांशी बोलण्याचा उपक्रम हाती घेतला. सांगितले काय, तर साधेच: कचरा साचू देऊ नका, कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधार पडल्यावर मुले एकटी सोडू नका, शौचाला जाताना दिवा आणि सोबत घ्या. बिबट्या आजही आहेत आणि वस्तीजवळ येतातही, पण २००४ ची भीषणता पुन्हा आली नाही. बंदुकीने आणि पिंजऱ्याने जे झाले नाही ते बोलण्याने बरेचसे झाले. कचरा उचलला गेला तर उंदीर आणि लेप्टो यांचाही बंदोबस्त होतो, हा आम्हा डॉक्टरांच्या फायद्याचा भाग निराळाच.

तिसरे उदाहरण रानभाज्यांचे. पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका ठाण्याच्या बाजारात शेवळे, टाकळा, कुलूची भाजी घेऊन बसतात. हल्ली या भाज्यांचे कौतुक वाढले आहे, ते चांगलेच आहे. मात्र सोबत एक नवा रोगही आला आहे, मोबाइलवर चित्र पाहून स्वतःच भाजी खुडण्याचा! शेवळ्यात सुईसारखे क्षार असतात, म्हणून जाणत्या घरी त्यात काकडे घालतात. ते न घातल्यास घसा असा खाजतो की माणूस रात्री अकराला दार ठोठावतो. हे तरी निभावते. पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांनी नटणारी कळलावी निभावत नाही, तिच्या कंदात जीवघेणे विष असते आणि तो खाण्याजोगा कंद समजून खाल्ल्याने माणसे दगावलेली आहेत. अळंब्यांचे तर बोलायलाच नको. पाड्यावरच्या एखाद्या आजीबरोबर तासभर हिंडल्याने जे कळते ते कुठल्याही चित्रातून कळत नाही. माझे तर म्हणणे आहे की सहलींच्या आयोजकांनी अशा आजींना रीतसर मानधन देऊन बोलवावे. व्याख्यात्याला शाल-श्रीफळ आणि आजीला नुसता चहा, हे बरे दिसत नाही.

आता आमच्या डॉक्टर मंडळींना दोन शब्द. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी स्थापन केली. त्या आठांत दोन भारतीय होते, आणि दोघेही डॉक्टर: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. रोगी तपासणाऱ्या माणसाने झाडे-पाखरेही पाहावीत, लोकांना दाखवावीत, यात त्या काळी कुणाला नवल वाटले नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून, लोकविज्ञान संघटना १९८० पासून लोकांपर्यंत विज्ञान नेत आहे. वांगणीला खगोल मंडळाच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाला ठाण्या-डोंबिवलीची माणसे गाडी भरून जातात. या सर्व ठिकाणी शिक्षक भेटतात, अभियंते भेटतात, बँकेतले निवृत्त कारकून भेटतात. डॉक्टर क्वचित. आम्हाला वेळ नसतो म्हणे! औषध कंपन्यांच्या रविवारच्या परिषदांना मात्र तो निघतो.

आयोजकांविषयीही एक तक्रार आहे. अलीकडे पुष्कळ सहली मोठ्या भिंगाचे कॅमेरे बाळगणाऱ्यांच्या झाल्या आहेत. एका दुर्मिळ पाखराचा फोटो मिळावा म्हणून सगळा गट धावतो आणि गुडघेदुखीची बाई मागे पडते ती पुन्हा येत नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने म्हणूनच जाणे सोडले. वास्तविक तिलाच या सहलीची जास्त गरज होती, कारण घरात दिवसभर बोलायला कुणी नाही. महिन्यातून एक सहल मुद्दाम संथ ठेवावी, साठीच्या पुढच्यांसाठी. वाट सपाट, अंतर दीड किलोमीटर, बसायला जागा आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी सांगितलेले. ही शेवटची बाब क्षुल्लक वाटेल, पण बायका आणि मधुमेही घरी थांबतात ते त्याचमुळे. महापालिकेच्या आरोग्य खात्याने एक परिचारिका आणि प्रथमोपचाराची पेटी दिली तर खर्च फार नाही. आरोग्य शिबिरांच्या मंडपावर त्याहून अधिक जातो.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी काही सूचना. मधुमेह्यांनी उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निघू नये. सहल सहाला सुटते, नाश्ता साडेनऊला होतो आणि मधल्या काळात साखर उतरून घाम फुटतो. पोळीभाजीचा एखादा घास खाऊनच निघावे, खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी. दम्याचा पंप घरी विसरू नये. अत्तर लावू नये, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ गोंगाट किंवा धूर करू नये. माशी चावल्यावर अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर घरगुती उपायात वेळ न दवडता रुग्णालयात जावे. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घालावेत, खाजकुइलीच्या शेंगा आणि गोचिडी यांपासून तेच वाचवतात. घरी आल्यावर अंग नीट पाहून आंघोळ करावी. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाणे टाळावे. जावेच लागले आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचे आवर्जून सांगावे, म्हणजे लेप्टोची तपासणी वेळेत होते.

राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय आडवाटेने शिरू नये. प्रवेशाची वेळ आणि शुल्क दरवाज्यावरच्या वनरक्षकाकडे आधी विचारून घ्यावे, आणि पहिल्या खेपेला तरी एकट्याने न जाता गटाबरोबर जावे.

(पुढील आठवड्यात: पावसाळ्यातील पायांच्या जखमा आणि चिखल्या)