मोती हाकेला ओ का देत नाही?

‘फाटक उघडं दिसलं की आमचा मोती सुसाट रस्त्यावर. हाका मारून घसा बसतो, पण तो वळूनही बघत नाही. परवा रिक्षाखाली येता येता वाचला,’ असं एका भगिनीने कळवलं आहे.

आधी हे सांगा, तुम्ही त्याला हाक मारता केव्हा? आंघोळ घालायला, औषध पाजायला, साखळीला बांधायला, नाहीतर चप्पल कुरतडली म्हणून रागवायला! मग त्याने यावं तरी कशाला? त्यातून अर्ध्या तासाने बिचारा आपणहून परतला की पाठीत धपाटा. मघाच्या पळण्याशी त्या धपाट्याचा संबंध कुत्र्याला जोडता येत नाही. तो जोडतो आत्ताच्या येण्याशी. तेव्हा कितीही उशिरा आला तरी शाबासकीच द्यायची, राग गिळायचा. (ती सवय आपल्याला असतेच म्हणा!) आंघोळीच्या वेळी हाक मारूच नये, मुकाट्याने जाऊन त्याला घेऊन यावं.

जुनी हाक विटली असेल तर नवा शब्द घ्या, ‘इकडे’ म्हणा हवं तर. मात्र घरात सर्वांनी तोच वापरायचा. सासूबाईंचं ‘यू यू’, मुलांचं ‘कम हिअर’ आणि ह्यांची शिट्टी, असं झालं की मोतीने समजायचं काय?

सुरुवात घरातच, चार पावलांवरून करा. शब्द एकदाच, गोड आवाजात उच्चारायचा आणि तो आला की लगेच वाटाण्याएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. रोजची पोळी इथे चालायची नाही, खाऊ खास हवा. चॉकलेट, मनुका आणि कांदा घातलेलं काही मात्र मुळीच नको, कुत्र्यांना ते विषारी असतं. दिवसातून पाच-सहा वेळा पुरे. मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून.

घरात जमलं म्हणून लगेच मैदानात मोकळं सोडू नका. तिथे वीस-पंचवीस फुटांची दोरी बांधा, पण ती गळपट्ट्याला नको, मानेला हिसका बसतो. छातीवरून जाणारा पट्टा मिळतो, त्याला बांधा. हाताला गुंडाळू नका, बोटं सोलून निघतील. दोरीने ओढून आणायचं नाही, फक्त पळू द्यायचं नाही. आला की खाऊ द्या आणि पुन्हा हुंदडायला सोडा. हाकेला ओ दिली की खेळ संपतो असं त्याला वाटता कामा नये.

आणि सुटलाच, तर मागे धावू नका. त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. उलट दिशेला टाळ्या वाजवत पळा, नाहीतर खाली बसा. बहुतेक कुत्री कुतूहलाने येतात. शेजारणी हसल्या तर हसू द्या.

सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतचं वय जरा द्वाडच, शिकलेलंही विसरल्यासारखं करतात. कारवान किंवा मुधोळ जातीचा असेल तर पळतं मांजर दिसताच त्याचे कान बंद झालेच समजा. बीगलचं नाक जमिनीला लागलं की तीच गत. अशांची दोरी रस्त्यावर कधीच सोडू नये.

दिवाळीत तर शहाणा कुत्राही फटाक्यांना घाबरून पळतो. त्या दिवसांत मोतीला संध्याकाळी घरातच ठेवा, गळपट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला लावा आणि फाटकाला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसवून घ्या, अगदी या आठवड्यातच!