दीडशहाणा आणि पाऊणकी

गेले तीन शनिवार-रविवार काहीच लिहिणं झालं नाही. आधी रिलीज, मग मुलीच्या परीक्षा, आणि मग आजोळी तारकर्लीला गेलो होतो. तिथे जे घडलं ते सांगायला थोडी लाज वाटते, पण त्याच्याशिवाय आजचा विषय सुरूच होत नाही. तर झालं असं...

अक्षय्य तृतीयेचा दिवस. दुपारी जेवण तडसावून झालं होतं (सुरमई, सोलकढी, तुम्ही समजून घ्या), पाच वाजता मी मुलीला घेऊन देवबागच्या टोकाकडे गेलो. तारकर्लीच्या पुढे देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि टोकाला दोघांचा संगम. निघताना मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, ओट्यावर जाळं विणत बसला होता. तो म्हणाला, "ओहोटी आसा, टोकाक जाव नको." मी फोन काढून त्याला दाखवला. हवामान स्वच्छ, वारा बेताचा, लाटा अर्धा मीटर. हो हो म्हटलं आणि गेलो.

गुडघाभर पाणी, आरशासारखं शांत. दहा-बारा पावलं आत गेलो असू, आणि पायाखालची वाळू सरकायला लागली. लाट नाही, आवाज नाही, नुसती ओढ. मुलगी माझ्या हातात होती म्हणून बरं, पण मला दोन पावलंही मागे येता येईना. पाणी कमरेपर्यंत कधी आलं कळलं नाही. दादा आमच्या मागोमाग होडी घेऊन निघालाच होता. (माझ्यावर त्याचा किती भरवसा ते यावरून कळेल.) त्याने आधी तिला उचललं, मग मला ओढून घेतलं. किनाऱ्याला लागेपर्यंत एक शब्द बोलला नाही. वाळूत उतरल्यावर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला,

"शाणो!"

आणि मग, "इचारूक पैसे पडतत काय?"

आता यातली गंमत, किंवा जे काही असेल ते, अशी की आमचा हा दादा लहानपणापासून अख्ख्या वाडीत 'खुळो' म्हणून प्रसिद्ध. सातवीत तीनदा नापास. मास्तर 'ढ' म्हणायचे, घरचे 'ठोंब्या', आणि आम्ही मे महिन्यात मुंबई-पुण्याहून येणारी भावंडं 'खुळोदादा'. तेही अगदी प्रेमाने, असा आमचा समज! त्या दादाला मला 'खुळो' म्हणायची पूर्ण मुभा होती. हक्कच होता. पण त्याने तो शब्द वापरला नाही. 'शाणो' म्हणाला. आणि तो जास्त लागला.

त्या रात्री झोप नव्हतीच. मूर्खपणासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत ते मोजत बसलो. ढ, मठ्ठ, मंद, ठोंब्या, शुंभ, शंख, नंदीबैल, बावळट, अजागळ, येडपट, खुळचट, वेडगळ, चक्रम... तीसच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. पण तेवढ्यात एक लक्षात आलं. या शब्दांचे दोन कप्पे आहेत. एका कप्प्यात ज्याच्याकडे काहीतरी कमी आहे तो. दुसऱ्या कप्प्यात ज्याच्याकडे काहीतरी जास्त आहे तो. दीडशहाणा, अतिशहाणा, उंटावरचा शहाणा, पढतमूर्ख, अकलेचा कांदा. आणि मराठीने आपला खरा राग दुसऱ्या कप्प्यासाठी राखून ठेवलाय.

उंटावरच्या शहाण्याची गोष्ट आठवत असेलच. रांजणात वासराचं डोकं अडकलं. सल्ला द्यायला हे उंटावरून आले. दारातून उंट आत जाईना, तर आधी दरवाजा पाडायला लावला. मग वासराची मान कापा म्हणाले. डोकं आतच राहिलं, तर म्हणाले, आता रांजण फोडा! या गोष्टीतले गावकरी अडाणी आहेत, पण गोष्ट त्यांच्यावर हसत नाही (फारसं). हसते ती उंटावरच्यावर, कारण तो खाली उतरलाच नाही.

रामदासांनीही हा फरक केलाय. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा. एवढ्यावर भागलं नाही म्हणून त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खाची लक्षणं सांगण्यासाठी वेगळा. साध्या मूर्खाला निदान शिकवता येतं. ज्याला सगळं माहीत आहे आणि तरी वागताना त्यातलं काही उतरत नाही, त्याचं काय करायचं? आमच्या क्षेत्रात अशांना आर्किटेक्ट म्हणतात. (मीही आहे, रागावू नका.)

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. आमच्या प्रोजेक्टवर एक फ्रेंच सहकारी आहे. शुक्रवारचा कॉल लवकर संपला की आम्ही शब्दांची देवाणघेवाण करतो. त्याच्याकडे मठ्ठ माणसाला 'स्वतःच्या पायांइतका मूर्ख' म्हणतात. आणखी एक प्रकार म्हणजे 'लोणी कापायची तार काही याने शोधून काढलेली नाही'. इंग्रजीत अशाच माणसाबद्दल 'हा काही थेम्सला आग लावणार नाही' म्हणतात. एप्रिल फूलला फ्रेंचमध्ये 'एप्रिलचा मासा' म्हणतात हे दादाला सांगितलं, तर त्याला अजिबात पटलं नाही. मासा मूर्ख असता तर आमचं पोट किती सोपं भरलं असतं, असं त्याचं म्हणणं. पण अतिशहाण्यासाठी मात्र तिघांचं एकमत. फ्रेंचमधला 'श्रीयुत मला-सगळं-माहीत', आणि इंग्रजीतला 'टू क्लेव्हर बाय हाफ'. म्हणजे अर्ध्याने जास्त हुशार. एक आणि वर अर्धा... दीडशहाणाच की!

(आपल्या इतिहासात साडेतीन शहाणेही आहेत. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे, कारण नाना लेखणीचे, तलवारीचे नव्हेत. नानांना अर्धं म्हणणारी भाषा मला दीड म्हणते, यातच सगळं आलं.)

आता पहिल्या कप्प्याकडे येऊ. खरं दुखणं तिथे आहे.

या कप्प्यातले कितीतरी शब्द मुळात शिव्या नव्हतेच. इंग्रजीतला 'सिली' जुन्या काळी 'धन्य, सुखी' होता, मग निरागस झाला, मग बिचारा, आणि शेवटी मूर्ख. फ्रेंच 'क्रेताँ' हा आल्प्सच्या डोंगराळ बोलीतला 'ख्रिस्ती' या शब्दाचाच अवतार. म्हणजे 'हाही माणूसच आहे हो' असं सांगणारा शब्द पुढे शिवी झाला. आपल्याकडे सम्राट अशोक शिलालेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो, देवांचा लाडका. असे शिलालेख आपल्या सोपाऱ्यालाही होते, पंडित भगवानलाल इंद्रजींना 1882 साली तिथे एक तुकडा सापडला. पुढे संस्कृत व्याकरणकारांनी 'देवानांप्रिय'चा अर्थ चक्क 'मूर्ख' असा नोंदवला. उलटा प्रवास फार थोड्यांच्या नशिबी. 'मूढ' आणि 'मुग्ध' एकाच धातूचे, सख्खे भाऊ. त्यातला एक खड्ड्यात गेला, दुसरा कवितेत.

आणि 'ढ'? त्याची उपपत्ती अशी सांगतात की अशोकाच्या ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, पण ढ जवळजवळ तसाच राहिला. दोन हजार वर्षांत काही शिकला नाही, म्हणून ढ. गोष्ट मजेदार आहे. मीही मित्रांना ती कित्येकदा हसत सांगितली आहे.

मग या फेब्रुवारीत माझी मुलगी गणिताचा पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, मी ढ आहे." रडत नव्हती. आपली उंची सांगावी तसं सांगितलं. नऊ वर्षांची आहे. शब्द कुठून आला ते मी विचारलं नाही, कारण उत्तर आमच्या घरातूनच आलं असतं अशी मला भीती वाटली.

संगमावरच्या प्रकरणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने तिला ओट्यावर बसवलं. "आज तिथ कितवी?" चतुर्थी. "चाराची पाऊणकी?" तिला पाऊणकी म्हणजे काय तेच माहीत नाही. मलाही धड नाही. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. दादाने बोटांवर दाखवलं. चार पाऊणे तीन. म्हणजे आज तीन वाजता पुरी भरती, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. काल तीज, तीन पाऊणे सव्वादोन. "आणि तुझो बापूस पाण्यात गेलो किती वाजता?" पाच. "मगे?" ती विचार करून म्हणाली, मग पाणी जोरात बाहेर जात असणार. भरती आणि ओहोटीच्या बरोबर मध्ये.

नदीचं पाणी, खाडीत भरलेलं भरतीचं पाणी, आणि तेही अमावास्येनंतरच्या उधाणाचं, सगळं त्या एका तोंडातून बाहेर पडत होतं. आणि मी बघत होतो लाटांची उंची. माझी माहिती चुकीची नव्हती. ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होती.

सातवीत तीनदा गणितात नापास झालेला माणूस आयुष्यभर रोज पाऊणचा पाढा वापरतोय. हे कुणी तपासलंच नाही, कारण पेपरात ते विचारलं नव्हतं. शाळेने त्याला जो शब्द दिला तो त्याने निमूट घेतला आणि आठवीचं तोंड पाहिलं नाही. आज होडी आहे, दोन खोल्या पर्यटकांना देतो, बरं चाललंय. पण म्हणून 'शाळा नसली तरी काही बिघडत नाही' असला निष्कर्ष मला काढायचा नाही. बिघडलंच. बँकेचे कागद तो अजून दुसऱ्याकडून वाचून घेतो, आणि ते सांगताना मान खाली घालतो.

म्हणून माझं मत असं. मूर्खपणाचे शब्द भाषेत हवेतच. पण दुसऱ्या कप्प्यातले. दीडशहाणा, पढतमूर्ख, उंटावरचा शहाणा हे शब्द माणसाच्या वागण्याला लागतात, आणि वागणं बदलता येतं. मला 'शाणो' म्हटल्यावर काय करायचं ते कळलं. विचारायचं. पैसे पडत नाहीत. 'ढ' म्हटल्यावर नऊ वर्षांच्या मुलीने काय करायचं? तो शब्द तिच्या वागण्याला नाही, तिलाच चिकटतो. तो कप्पा निदान पोरांपुरता तरी बंद करावा. मोठ्यांनी एकमेकांना खुशाल म्हणावं, आपली कातडी जाड असते.

पुण्याला परत आल्यावर तिचे गणितातले मार्क वाढलेत असं काही नाही. पण हल्ली संध्याकाळी कालनिर्णय बघून ती दादाला फोन करते आणि तारकर्लीची भरती किती वाजता ते त्यालाच सांगते. परवा एकादशीला सव्वाआठ म्हणाली, बरोबर होतं. द्वादशीला चुकली. दादा म्हणाला, "परत मोज."

एवढंच म्हणाला.