गळती

वैशाखातली तृतीया उजाडते तेव्हा सकाळी आठलाच ऊन अंगणात उतरलेले असते. आज अक्षय्य तृतीया. देवघराच्या कडेला किंवा फ्लॅटमधल्या ओट्यापाशी मातीचा नवा कुंभ मांडला जाईल, त्यात वाळ्याची जुडी सोडली जाईल आणि पितरांच्या नावाने तो भरून कुणाच्या तरी हाती दिला जाईल. खानदेशात याच सणाची आखाजी होते. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि घरोघर घागर भरली जाते. तिच्या तोंडावर मातीचे लहान भांडे, वर आंबा नाहीतर डांगर. साडेतीन मुहूर्तांतल्या या दिवशी सोने घेण्याचा गाजावाजा आता फार झाला आहे, पण आपल्या आजी-पणजींच्या लेखी आजचे मोठे दान पाण्याचे. ऐन काहिलीत, जेव्हा आपल्याच घरात पाणी जपून वापरायचे असते, तेव्हा भरलेला कुंभ दुसऱ्याला द्यायचा आणि त्या देण्याला अक्षय्य म्हणायचे!

वैशाखाची आणखी एक रीत आहे, ती हल्ली फारशी दिसत नाही. शिवमंदिरात पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. तशीच गळती या महिन्यात तुळशीवरही बांधत. बुडाला बारीक भोक पाडलेले छोटे मडके, आणि त्या भोकात सुती चिंधीची वात. वात सैल बसली तर धार लागते आणि मडके बघता बघता रिकामे होते. फार घट्ट बसली तर खालची माती कोरडी ती कोरडीच. म्हणून घरातले जाणते माणूस ती वात दोन-तीनदा काढून, पिळून, पुन्हा बसवी आणि थेंब मोजत उभे राही. एक थेंब मातीत जिरला की मगच दुसरा पडला पाहिजे. आज द्राक्षबागांत आणि डाळिंबाच्या मळ्यांत ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या दिसतात, त्यांचेही तत्त्व हेच: पाणी मुळाशी द्यायचे आणि मुळाला पेलेल तेवढेच द्यायचे.

त्याच ‘गळती’ शब्दाचा दुसरा अर्थ आपल्या मोरीत रात्रंदिवस ऐकू येतो. आमच्याच घरातली गोष्ट. मोरीतला नळ तीन महिने गळत होता आणि त्या टपटपीची कानांना इतकी सवय झाली होती की ती ऐकूच येईनाशी झाली. परवा रात्री दहाला नळाखाली दोन लिटरचे पातेले ठेवले. पहाटे सहाला ते काठोकाठ भरले होते. म्हणजे दिवसाला सहा लिटर. या उन्हाळ्यात एका माणसाला दिवसभर प्यायला पुरून उरेल एवढे पाणी आपण नव्वद दिवस गटारात सोडत होतो. बिघडला होता तो नळातला वॉशर. पाना फिरवून तो बदलायला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या तीन महिन्यांची लाज मात्र अजून मनातून जात नाही.

आपल्या घरांत ‘शिळे पाणी’ नावाची एक कल्पना आहे. सकाळी नळाला पाणी आले की कालचे हंडे, कळशा, पिंप सरसकट ओतून द्यायचे आणि ताजे भरायचे. ओढ्या-विहिरींवरून उघड्या भांड्यांतून पाणी आणले जाई तेव्हा या सवयीला अर्थ असेल. पण घासलेल्या भांड्यात, झाकण ठेवून, हात न बुडवता ओगराळ्याने घेतलेले पाणी एका रात्रीत कसे शिळे होईल? आणि समजा प्यायला मन घेत नसेल, तर धुण्याला, भांड्यांना, फरशीला ते कालच्याइतकेच चांगले आहे. अन्नाच्या बाबतीत आपण कधी इतके कठोर नव्हतो. शिळ्या पोळीचा कुस्करा, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी, दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या आठळ्या पावसाळ्यात आमटीत. कोकणात तर न्हाणीच्या मागे पाट काढून सांडपाणी केळीच्या, माडाच्या, अळवाच्या आळ्यात सोडलेले असे. घरात अंघोळी झाल्या म्हणजे केळीही न्हाल्या. तांदळाचे धुवण, भाजी धुतलेले पाणी, माठ झिरपून खालच्या परातीत साचलेले पाणी, या प्रत्येकाची पुढची जागा ठरलेली होती. आज आपल्या ओट्याखाली पाणी शुद्ध करणारे यंत्र असते. त्यातली पुष्कळशी यंत्रे लिटरभर पिण्याजोगे पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतात. त्या पाण्यात क्षार अधिक, म्हणून कुंड्यांना ते रोज घालू नये. पण त्याची नळी बादलीत सोडली तर फरशीचे आणि संडासाचे काम त्यावर भागते.

शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी मिळावे असे आपले सरकारी मोजमाप सांगते. जलजीवन मिशनने गावातल्या माणसासाठी 55 लिटर धरले आहे. हा फरक पाहून मन जरा थबकते. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले कितीतरी पाडे वैशाखात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एवढ्यावर एवढ्या मोठ्या शहरातल्या किती माणसांचा एक दिवस निघाला असेल, याचा हिशेब 135 ने भागून ज्याने त्याने घरी करावा. शहरातला नळ सोडतो तेव्हा कुणाच्या तरी गावचा कुंभ आपल्या हाती आलेला असतो. देणाऱ्याने तो मंत्र म्हणून दिलेला नाही, आणि बहुतेक वेळा त्याला कुणी विचारलेलेही नाही.

चैत्रगौरीचे हळदीकुंकूही आज संपते. पन्हे आणि वाटली डाळ देताना पूर्वी शेजारच्या चार घरांतून फुलपात्री गोळा करून आणत, आणि परत करताना त्यांत काहीतरी घालून देत. 2018 मध्ये आपल्या राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तरी हळदीकुंकवाच्या संध्याकाळी जिन्याखालच्या पिंपात वापरून टाकलेले पेले, कैरीच्या साली, कोयी आणि भिजवलेले हरभरे एकाच पिशवीत कोंबलेले असतात. ती पिशवी पुढे कुणीतरी उघडते. पुण्यात कचरावेचक बायकांनी 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र येऊन आपल्या कामाला मान मागितला. ओले आणि सुके आपल्याच दारात वेगळे करणे हा त्या मानाचा अगदी पहिला हप्ता झाला. कोयी-साली गच्चीवरच्या कुंडीत मातीखाली दाबल्या तर पावसाळ्यापर्यंत साली मातीत मिसळतात, कोयींना मात्र वेळ लागतो. कधी एखादी रुजूनही येते.

आता वाट मृगाची. तोवर यंदा तुळशीवर पुन्हा गळती बांधून पाहावी. जुन्या धोतराची चिंधी मिळाली तर उत्तम, नाहीतर निरांजनाची जाड वातही चालते. आणि मडके भरायला नळ सोडायचे कारण नाही. रात्री माठाच्या तळाशी उरलेले दोन पेले सकाळी त्यात ओतावेत आणि पहिला थेंब मातीत पूर्ण जिरेपर्यंत तिथेच थांबावे.