संगणक-मंडळ आणि कलाशाखा

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात विद्यार्थ्यांचे संगणक-मंडळ १९६७ पासून चालू आहे. ते व्याख्याने योजते; नवख्यांना युनिक्सचे पहिले धडे विद्यार्थीच देतात. १९८९ साली बिल गेट्स या मंडळापुढे बोलून गेले. पण मोठ्या पाहुण्यापेक्षा सोबत्याने सोबत्याला शिकवणे मला अधिक मोलाचे वाटते.

आपल्याकडे मात्र संगणक म्हटला, की कलाशाखेचा विद्यार्थी 'ते आपले क्षेत्र नव्हे' म्हणून मोकळा होतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली. आता ऱ्हस्व-दीर्घ तपासणाऱ्या आज्ञावलीला मराठीचे व्याकरण सांगायचे कोणी? मित्रहो, ते काम आपलेच! म्हणून असे मंडळ आपल्या महाविद्यालयातही निघावे आणि त्याची पहिली बैठक मराठीच्या वर्गात भरावी, असे मला आग्रहाने वाटते.