ट्यूबमधील उधारी



मार्वेच्या धक्क्यावरून बोटीत बसले की काही मिनिटांत मनोरी येते. मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीचा नातू मित्रांसह तेथील किनाऱ्यावर दोन दिवस राहून आला. उन्हाने चेहरा काळवंडला, आणि पुढे घामाने भिजलेल्या घट्ट जीन्समुळे जांघेत गजकर्ण उठले. लाजेपोटी त्याने घरी सांगितले नाही. ओळखीच्या दुकानातून एक ट्यूब आणली. तीच जांघेला, तीच गोरेपणासाठी चेहऱ्याला. वय वर्षे 19.

पाश्चात्त्य देशांत याच वयाची मुले रंग सावळा व्हावा म्हणून अतिनील दिव्यांच्या खाटेवर पडून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये अशा उपकरणांना कर्करोगकारक ठरविले. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठीचा त्यांचा वापर बंद केला. आपल्याकडची ओढ उलट दिशेची, असमाधान मात्र तेच.

नातवाच्या ट्यूबमध्ये बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड होते. त्याची रीत मला बँकेतील दिवसांमुळे ओळखीची वाटली. जुन्या कर्जाचे व्याज भरण्यासाठी नवे कर्ज उचलणारा खातेदार सुरुवातीचे काही महिने अगदी नियमित दिसतो. स्टेरॉइड त्वचेची स्वतःची प्रतिकारशक्ती दाबते. दोन-तीन दिवसांत खाज व लाली शमते, आणि खाली बुरशी निर्धास्त पसरते. मलम थांबविताच चट्टे अधिक जोमाने उठतात, म्हणून पुन्हा मलम. कडा पुसट झाल्याने रोग ओळखणेही अवघड होते. दीर्घ वापराने कातडी पातळ होते, जांघेत पडलेले ताणाचे व्रण जन्मभर राहतात.

केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांत, घातली. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांत आढळलेल्या बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. आपल्या देशाचे नाव जगभर जावे ते असे!

आता थोडे अप्रिय. आपल्यापैकी अनेकांची औषधांची दुकाने आहेत. त्या दुकानदाराने नातवाकडून पैसेही घेतले नव्हते, ‘घरचाच मुलगा’ म्हणून. त्याच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण ‘चिठ्ठी आण’ म्हटले असते तर मुलाचे तीन महिने वाचले असते. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल ही भीती मी जाणतो. तारण न पाहता कर्ज देणाऱ्या शाखाधिकाऱ्याचीही सबब हीच असे.

त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब बंद करून पोटात घ्यावयाच्या गोळ्या सुरू केल्या. कपडे व टॉवेल वेगळे ठेवून कडक उन्हात वाळवावयास सांगितले. चट्टे गेले तरी ठरलेल्या मुदतीपूर्वी गोळ्या सोडू नयेत, हेही बजावले. घरातील सर्वांना तपासून घ्या म्हणाले, तेव्हा आमच्या अक्काच्या कमरेवर, परकराच्या नाडीखाली, तळहाताएवढा चट्टा निघाला. नातवाच्या कपाटातील तीच ट्यूब ती महिनाभर गुपचूप लावीत होती.